एएमडीचं पडझडीचं आणि सावरण्याचं दशक (२००६ ते २०१७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिप कंपन्यांच्या इतिहासाबद्दल वाचकांकडून जे प्रश्न येतात, त्यांत एएमडीचा नंबर पहिला. गंमत म्हणजे अनेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: सीईओ लिसा सू आल्या, रायझन हा नवा प्रोसेसर आला, कंपनी वाचली. हे खोटं नाही. पण सू सीईओ झाल्या तोवर कंपनी तगवणारे बरेचसे निर्णय होऊन गेले होते. त्यातले काही कटू होते आणि काही तर घर विकण्याइतके टोकाचे. खालची उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या रकमा डॉलरमध्ये आहेत, जिथे युरो आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

१. एएमडी ही नक्की कोणती कंपनी? आणि याच दशकाबद्दल इतकं का बोललं जातं?

ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस म्हणजे एएमडी. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेले जेरी सँडर्स आणि त्यांचे सात सहकारी यांनी १ मे १९६९ रोजी कॅलिफोर्नियात ती स्थापन केली. संगणकाचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप ही तिची आजची ओळख.

२००६ च्या सुरुवातीला तिच्याकडे जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये स्वतःचे कारखाने होते, सुमारे १० हजार माणसं होती आणि ग्राफिक्सचा धंदा नव्हता. २०१६ संपताना कारखाना एकही उरला नव्हता, माणसं सुमारे ८ हजार होती आणि ग्राफिक्स हा कंपनीचा अर्धा प्राण झाला होता. नाव तेच राहिलं, कंपनी दुसरीच झाली.

२. एकाच प्रकारचे प्रोसेसर इंटेल आणि एएमडी दोघंच का बनवतात? तिसरं कोणी का नाही?

कारण एक्स८६ या आज्ञासंचाचे (प्रोसेसरला समजणाऱ्या मूळ आज्ञांच्या यादीचे) हक्क. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादारावर विसंबायची तिची तयारी नव्हती. त्यामुळे इंटेलला दुसरा उत्पादक उभा करावा लागला आणि १९८२ मध्ये एएमडीशी करार झाला. ३८६ च्या वेळी इंटेलने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, मग कोर्टकचेऱ्या झाल्या. एएमडीने १९९१ मध्ये स्वतःचा एएम३८६ आणला आणि १९९५ मध्ये दोघांनी भांडण मिटवलं.

पुढे पारडं थोडं फिरलं. एक्स८६ ला ६४ बिटचं करणारा विस्तार एएमडीचा होता, आणि २००४ मध्ये इंटेलला तो स्वीकारावा लागला. तेव्हापासून दोघांनाही एकमेकांचे पेटंट लागतात, म्हणून परस्पर परवाना. तैवानची व्हिया ही तिसरी परवानाधारक, पण बाजारात तिचं अस्तित्व नाममात्रच राहिलं. या परवान्यातलं एक कलम पुढे फार महत्त्वाचं ठरलं, ते प्रश्न १५ मध्ये.

३. २००६ पूर्वी एएमडी खरोखर इंटेलच्या पुढे होती, की ही चाहत्यांची दंतकथा?

काही वर्षं खरोखर पुढे होती. १९९९ मध्ये एएमडीचा ॲथलॉन प्रोसेसर आला. मार्च २००० मध्ये १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एएमडीने इंटेलच्या अगोदर बाजारात आणला. पण खरा घाव एप्रिल २००३ च्या ऑप्टेरॉन या सर्व्हर प्रोसेसरने घातला. तो ६४ बिटचा होता, जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअरही पूर्ण वेगात चालवत होता, आणि मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर त्याने प्रोसेसरच्याच चिपवर घेतला होता. त्याच काळात इंटेल पेंटियम ४ ची घड्याळगती वाढवता वाढवता उष्णतेच्या भिंतीवर आदळत होती, आणि ६४ बिटसाठी इटॅनियम हा वेगळाच, जुन्या सॉफ्टवेअरशी फटकून राहणारा मार्ग रेटत होती.

२००६ पर्यंत एक्स८६ सर्व्हरच्या बाजारात एएमडीचा वाटा जवळपास चौथ्या हिश्शापर्यंत पोचला. तोवर फक्त इंटेल विकणाऱ्या डेलनेही त्या वर्षी मे महिन्यात ऑप्टेरॉन घेणार असल्याचं जाहीर केलं. शेअर ४० डॉलरच्या वर गेला होता.

४. मग २००६ मध्ये बिनसलं काय?

दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. २४ जुलै २००६ रोजी एएमडीने कॅनडाची ग्राफिक्स कंपनी एटीआय ५४० कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. २७ जुलैला इंटेलचा कोर २ ड्युओ आला. इंटेलने पेंटियम ४ ची वाट सोडून दिली होती, नवा प्रोसेसर कमी वीज घेऊन जास्त काम करत होता, आणि तो ६५ नॅनोमीटरच्या तंत्रावर बनत होता (आकडा जितका लहान, तितके बारीक ट्रान्झिस्टर). एएमडी अजून ९० वर होती.

म्हणजे तिजोरी रिकामी करण्याचा निर्णय आणि तिजोरी भरणारा माल जुना पडणं, दोन्ही सोबतच झालं. किमती उतरवून टिकायचं तर नफा जातो आणि नफा गेला की नव्या कारखान्याला पैसा उरत नाही. २००७ मध्ये कंपनीला सुमारे ३३८ कोटींचा तोटा झाला आणि २००८ मध्ये ३०० कोटींहून अधिक.

५. एटीआय घेणं ही घोडचूक होती का?

किंमत चुकली, खरेदी नाही. माझं मत एवढंच, पण त्यावर सर्वांत जास्त वाद होतो म्हणून थोडं सविस्तर.

सौदा ऑक्टोबर २००६ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ४२० कोटी रोख आणि उरलेलं शेअरच्या रूपात. रोखीतले २५० कोटी कर्जाऊ. पुढच्या दीड-दोन वर्षांत एएमडीला या खरेदीचं मूल्य स्वतःच्याच हिशेबात मोठ्या प्रमाणावर खाली आणावं लागलं. एकट्या २००७ च्या शेवटच्या तिमाहीत दीडशे कोटींहून अधिक रक्कम निर्लेखित झाली. एवढी रोकड हातात असती तर पुढची दोन वर्षं बरीच सुसह्य गेली असती.

दुसऱ्या बाजूला, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर बसवायची जी कल्पना सांगून ही खरेदी केली, ती प्रत्यक्षात यायला २०११ उजाडलं. पण आल्यावर तिच्यावरच प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन उभे राहिले (प्रश्न १३). एटीआय नसती तर एएमडीकडे २०१३ मध्ये विकायला फारसं काही नव्हतं. एनव्हिडियाशी आधी बोलणी झाल्याचे किस्से सांगितले जातात, त्यात मी शिरत नाही.

६. 'बार्सिलोना' प्रोसेसरमधला टीएलबी बग म्हणजे काय भानगड होती?

बार्सिलोना हा चार कोरचा (कोर म्हणजे आज्ञा चालवणारा स्वतंत्र गाभा) ऑप्टेरॉन, सप्टेंबर २००७ मध्ये आलेला. चारही कोर एकाच सिलिकॉनवर, तर इंटेल तेव्हा दोन-दोन कोरचे दोन तुकडे एका पॅकेजमध्ये बसवत होती. एएमडीने याचा भरपूर गाजावाजा केला होता.

सॉफ्टवेअर वापरतं तो मेमरीचा पत्ता आणि प्रत्यक्ष मेमरीतला पत्ता वेगळे असतात. त्यांची सांगड घालणाऱ्या नोंदी प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात हाताशी ठेवतो. बार्सिलोनात अशी एखादी नोंद दुसऱ्या पातळीच्या कॅशेमधून (प्रोसेसरमधल्या वेगवान तात्पुरत्या मेमरीतून) तिसऱ्या पातळीकडे जात असताना, नेमक्या त्या क्षणी ती बदलली जात असेल, तर शिळी प्रत मागे राहून यंत्र अडकण्याची किंवा डेटा बिघडण्याची शक्यता होती. अशी वेळ क्वचितच यायची. पण 'क्वचित' हा शब्द सर्व्हर विकत घेणाऱ्याला चालत नाही.

बायॉसमधून (संगणक सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) उपाय दिला गेला, पण त्याने वेग दहा टक्के आणि काही कामांत त्याहूनही जास्त घसरत होता. सर्व्हरसाठीचा पुरवठा बहुतांशी थांबवावा लागला. घरगुती संगणकांसाठीचे पहिले फेनम मात्र त्याच दोषासह विकले गेले. दुरुस्त आवृत्ती २००८ च्या वसंतात आली. फेनममध्ये ती ओळखायची सोपी खूण अशी: ९५०० आणि ९६०० जुने, ९५५० आणि ९६५० दुरुस्त. जवळजवळ अर्धं वर्ष ऑप्टेरॉनची गाडी रुळावरून उतरली ती या एका दोषाने, आणि सर्व्हरवाल्यांचा गेलेला विश्वास दहा वर्षं परत आला नाही.

७. स्वतःचे कारखाने कुणी विकतं का? एएमडीने का विकले?

'खऱ्या मर्दाकडे स्वतःची फॅब (चिपचा कारखाना) असते' अशा अर्थाचं वाक्य सँडर्स यांच्या नावावर सांगितलं जातं, त्यामुळे हा निर्णय कंपनीच्या अस्मितेवरच घाव होता. पण अत्याधुनिक फॅब उभारायला काही अब्ज डॉलर लागतात, आणि ती भरून चालवण्याइतका माल एकट्या एएमडीचा खपत नव्हता.

७ ऑक्टोबर २००८ रोजी योजना जाहीर झाली. कारखाने वेगळ्या कंपनीत जातील आणि तिच्यात अबू धाबी सरकारची गुंतवणूक कंपनी एटीआयसी पैसा घालेल. एटीआयसीने २१० कोटी द्यायचे ठरले, त्यातले ७० कोटी थेट एएमडीला आणि उरलेले नव्या कंपनीत. शिवाय एएमडीचं सुमारे १२० कोटींचं कर्ज नव्या कंपनीच्या डोक्यावर गेलं. मार्च २००९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि कंपनीचं नाव ठेवलं ग्लोबलफाउंड्रीज.

तारखा नीट पाहा. योजना जाहीर झाली तेव्हा अमेरिकेची लीमन ब्रदर्स ही बँक कोसळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. जगभर कर्ज मिळेनासं झालं असताना हा सौदा झाला. मधल्या पाच महिन्यांत बाजार इतका घसरला की जाहीर करताना एएमडीचा हिस्सा ४४.४ टक्के ठरला होता, तो पूर्ण होताना ३४.२ टक्क्यांवर आला. तरीही एएमडीने तो केला, कारण दुसरा ग्राहक दारात उभा नव्हता. माझ्या मते २००९ साली कंपनी जिवंत राहिली ती या सौद्यामुळे आणि प्रश्न ९ मधल्या तडजोडीमुळे.

८. कारखाने विकले, तरी एएमडी त्याच कारखान्याला दंड का भरत राहिली?

वेफर (ज्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती) पुरवठा करारामुळे. वेगळं होताना एएमडीने ठरावीक चिप ग्लोबलफाउंड्रीजकडूनच घ्यायचं कबूल केलं होतं. नवी कंपनी जगवायची तर तिला हमखास गिऱ्हाईक हवं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे एएमडी.

मार्च २०१२ मध्ये काही चिप दुसरीकडे बनवण्याची मोकळीक मिळवायला एएमडीने ४२.५ कोटी डॉलर मोजले आणि ग्लोबलफाउंड्रीजमधला उरलासुरला हिस्साही सोडून दिला. त्याच वर्षाच्या शेवटी पीसीची मागणी बसली, ठरलेले वेफर घेणं परवडेना, म्हणून करार बदलून घेतला आणि कमी वेफर घेतल्याबद्दल ३२ कोटींचा भुर्दंड सोसला. पुढेही हा करार पुन्हा पुन्हा दुरुस्त झाला.

म्हणजे ज्या व्यवहाराने कंपनी वाचवली त्यानेच तिला जखडूनही ठेवलं. या बेडीतून खरी सुटका ऑगस्ट २०१८ मध्ये झाली, जेव्हा ग्लोबलफाउंड्रीजनेच ७ नॅनोमीटरचा नाद सोडला आणि एएमडीला तैवानच्या टीएसएमसीकडे जायचा रस्ता पूर्ण मोकळा झाला.

९. इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर का दिले? गुन्हा कबूल केला का?

नाही, कबुली दिली नाही. एएमडीने जून २००५ मध्ये डेलावेअरच्या संघीय न्यायालयात इंटेलवर मक्तेदारीविरोधी खटला भरला होता. आरोप असा: संगणक बनवणाऱ्यांनी एएमडीचा माल घेऊ नये किंवा मर्यादेतच घ्यावा, या अटीवर इंटेल सवलती देते. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. इंटेलने १२५ कोटी दिले, पाच वर्षांचा नवा परस्पर परवाना झाला, आणि ग्लोबलफाउंड्रीज ही एएमडीची उपकंपनी धरायची की नाही हा परवान्याचा वादही त्यातच मिटला. तो वाद किरकोळ नव्हता. कारखाने वेगळे होताच इंटेलने परवानाभंगाची नोटीस धाडली होती.

२००९ मध्ये एएमडीने ३० कोटींचा नफा दाखवला तो याच पैशांतून. ही रक्कम काढली तर वर्ष तोट्याचंच होतं.

युरोपातलं प्रकरण वेगळं. युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला, तो आयोगाला मिळायचा होता, एएमडीला नव्हे. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो दंड रद्द केला. आयोगाने २०२३ मध्ये निर्णयाच्या शाबूत राहिलेल्या भागावर सुमारे ३७.६ कोटी युरोंचा नवा दंड लावला. 'इंटेल दोषी ठरली' आणि 'इंटेल निर्दोष सुटली' ही दोन्ही वाक्यं म्हणूनच अर्धवट आहेत.

१०. मोबाईलमधला ॲड्रिनो (क्वालकॉमच्या चिपमधला ग्राफिक्स भाग) मुळात एएमडीचा होता, हे खरं का?

खरं आहे. एटीआयचा मोबाईल ग्राफिक्सचा विभाग एएमडीने जानेवारी २००९ मध्ये क्वालकॉमला साडेसहा कोटी डॉलरला विकला. 'ॲड्रिनो' हे नाव 'रेडिऑन' या एटीआयच्या ग्राफिक्स ब्रँडच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून झालं आहे. टीव्हीच्या चिपचा धंदा त्याआधीच ब्रॉडकॉमकडे गेला होता. स्मार्टफोनची लाट नुकती उठत असताना हे विकलं म्हणून आज हळहळ वाटते. पण त्या महिन्यात एएमडीला पगार भागवायची चिंता होती, लाटेची नव्हे.

११. बुलडोझर इतका का फसला?

बुलडोझर ही एएमडीची नवी प्रोसेसर रचना. तिच्यावर बेतलेला एफएक्स-८१५० ऑक्टोबर २०११ मध्ये आला. त्याची रचना दोन-दोन कोरच्या 'मॉड्यूल'ची होती. प्रत्येक मॉड्यूलमध्ये पूर्णांकांची गणितं करणारे दोन स्वतंत्र भाग आणि दोघांना वेगळी १६ किलोबाइटची डेटा कॅशे. बाकी सगळं सामाईक: आज्ञा आणणारा आणि उलगडणारा भाग, आज्ञांची ६४ किलोबाइटची कॅशे, दशांश गणिताचा भाग आणि २ मेगाबाइटची दुसऱ्या पातळीची कॅशे. कमी सिलिकॉनमध्ये जास्त कोर बसवायचे आणि घड्याळगती वाढवून कसर भरून काढायची, असा हिशेब.

प्रत्यक्षात गती ठरल्याइतकी चढली नाही आणि वीज मात्र भरमसाट लागली. एका वेळी एकच धागा (आज्ञांचा एक सलग क्रम) चालवायचा झाला तर तो कित्येकदा एएमडीच्याच जुन्या फेनम २ च्या मागे पडे. इंटेलच्या सँडी ब्रिजपुढे तर उभंच राहता आलं नाही. त्यात विंडोज ७ ला ही रचना समजत नव्हती. ती दोन कामं एकाच मॉड्यूलमध्ये कोंबायची आणि शेजारचं मॉड्यूल रिकामं राहायचं. त्यासाठी नंतर दुरुस्ती आली, फरक थोडाच पडला.

गोंधळाचा नमुना म्हणून एक: या चिपमध्ये २०० कोटी ट्रान्झिस्टर असल्याचं एएमडीने आधी सांगितलं. काही आठवड्यांनी सुधारणा आली, १२० कोटी. चिप तीच होती.

बुलडोझरची कल्पना मूर्खपणाची नव्हती, असं मला वाटतं. सगळी सॉफ्टवेअर लवकरच अनेक धाग्यांवर धावतील या गृहीतकावर ती बेतली होती, आणि ते गृहीतक कित्येक वर्षं लवकर होतं. त्याच रचनेच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर (पाइलड्रायव्हर, स्टीमरोलर, एक्सकॅव्हेटर) कंपनीला पाच वर्षं रेटावं लागलं, कारण नवा प्रोसेसर मुळापासून घडवायला तेवढा वेळ लागतोच.

१२. एफएक्स-८१५० आठ कोरचा होता की चार? माझ्याकडे तो होता, मला भरपाई मिळेल का?

कोर म्हणजे काय, यावर ते अवलंबून. पूर्णांकाचे भाग मोजले तर आठ, दशांश गणिताचे मोजले तर चार (रचना प्रश्न ११ मध्ये आहे). 'आठ कोर' म्हणून विकणं फसवणूक आहे, असा सामूहिक दावा कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये दाखल झाला आणि २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलरवर मिटला. एएमडीने चूक मान्य केली नाही. म्हणजे 'कोर' शब्दाची कायदेशीर व्याख्या न्यायालयाने ठरवली, असं कुणी सांगितलं तर ते चुकीचं आहे. प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही.

भरपाई ठरावीक एफएक्स मॉडेलांपुरती होती, आणि तीही कॅलिफोर्नियात राहताना किंवा एएमडीच्या संकेतस्थळावरून माहिती घेऊन खरेदी करणाऱ्यांनाच. मुदत केव्हाच संपली.

१३. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सने एएमडीला वाचवलं का?

श्वास चालू ठेवला, असं म्हणणं जास्त नेमकं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्ही आले आणि दोन्हींच्या आत एएमडीची चिप होती: आठ 'जॅग्वार' कोर आणि रेडिऑन ग्राफिक्स, एकाच सिलिकॉनवर. जॅग्वार हा बुलडोझरचा भाऊबंद नाही. कमी विजेच्या लॅपटॉपसाठी घडवलेला, आटोपशीर कोर होता. एक्स८६ प्रोसेसर आणि दमदार ग्राफिक्स दोन्ही एकाच घरात असलेली दुसरी कंपनी तेव्हा नव्हती, हे एटीआयच्या खरेदीचं खरं फळ.

अशा कामात नफ्याचं प्रमाण कमी असतं, कारण गिऱ्हाईक अवाढव्य असतं आणि भाव पाडून घेतं. पण पैसा ठरलेल्या वेळी येतो आणि आराखड्याच्या खर्चाचा भारही गिऱ्हाईक उचलतं. पीसीची विक्री दर तिमाहीला घसरत असताना हा ओघ नसता तर झेन या पुढच्या नव्या कोरच्या (प्रश्न १६) अभियंत्यांचे पगार कुठून आले असते, याचं उत्तर मला तरी सापडत नाही.

१४. या काळात सीईओ किती झाले? प्रत्येकाने काय केलं?

हेक्टर रुईझ (२००२ ते जुलै २००८): एटीआयची खरेदी आणि इंटेलवरचा खटला त्यांच्या काळातला. डर्क मेयर (जानेवारी २०११ पर्यंत): पूर्वी डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरवर काम केलेले अभियंता, ॲथलॉनचे एक शिल्पकार. कारखाने वेगळे करणं आणि इंटेलशी तडजोड, दोन्ही त्यांनी तडीस नेलं आणि तरी संचालक मंडळाशी न जुळल्याने त्यांना जावं लागलं. मला ते या गोष्टीतले सर्वांत दुर्लक्षित पात्र वाटतात. मग थॉमस सायफर्ट हंगामी. ऑगस्ट २०११ पासून लेनोवोतून आलेले रोरी रीड: नोकरकपात, खर्चाला कात्री, आणि पीसीबाहेरच्या चिपकडे वळण. तंत्रज्ञान प्रमुख मार्क पेपरमास्टर आणि लिसा सू हे दोघे रीड यांच्याच कारकिर्दीत कंपनीत आले, हे बरेचजण विसरतात. ८ ऑक्टोबर २०१४ पासून सू.

रीड यांचा एक डाव साफ फसला. दाट रचनेचे सर्व्हर बनवणारी सीमायक्रो २०१२ मध्ये ३३.४ कोटींना घेतली आणि २०१५ मध्ये तो धंदाच बंद केला.

१५. कंपनी इतकी स्वस्त झाली होती तर कुणी विकत का घेतली नाही? दिवाळं निघणार होतं का?

२०१५ मध्ये शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला होता. त्या वर्षी महसूल ३९९ कोटी आणि तोटा ६६ कोटी. कर्ज दोनशे कोटींच्या वर. हाती लागेल ते विकणं चालूच होतं. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा स्वतःचा परिसर २०१३ मध्ये १६.४ कोटींना विकून तोच भाड्याने घेतला. मलेशियातल्या पेनांग आणि चीनमधल्या सुझोउ इथल्या चाचणी-जुळणी केंद्रांतला ८५ टक्के हिस्सा चिनी भागीदाराला देऊन ३७.१ कोटी मिळवायचं २०१५ मध्ये ठरलं. दिवाळखोरीच्या बातम्या रंगायच्या, पण मोठी कर्जं लगेच फेडायची नव्हती. त्यांच्या मुदती पुढे ढकललेल्या होत्या. आजार गंभीर होता, अंतिम नव्हता.

विकत न घेतली जाण्याचं एक मोठं कारण इंटेलबरोबरचा परवाना. २००९ च्या करारानुसार दोहोंपैकी एकाही कंपनीची मालकी बदलली तर परस्पर परवाना संपतो. म्हणजे एएमडी घेणाऱ्याच्या हाती एक्स८६ शिवायची एएमडी पडली असती, निदान इंटेलशी नव्याने बोलणी होईपर्यंत. उलट बाजूने इंटेललाही एएमडीच्या ६४ बिटची गरज होतीच, त्यामुळे करार झाला असता. पण एवढी अनिश्चितता अंगावर घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

१६. झेन म्हणजे जिम केलर यांचीच निर्मिती ना?

इतकं सरळ नाही. चिप रचनाकार केलर ऑगस्ट २०१२ मध्ये एएमडीत परतले (आधी ते ऑप्टेरॉनमागच्या के८ या रचनेच्या कामात होते, नंतर ॲपलमध्ये) आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गेले. प्रोसेसरच्या सगळ्या गटांची घडी नव्याने बसवणं आणि मुळापासून नवा कोर करायचा निर्णय रेटणं, हे त्यांचं श्रेय. झेनचे मुख्य रचनाकार माइक क्लार्क, गटाच्या कामाची धुरा सुझान प्लमर यांच्याकडे. केलर गेल्यानंतर दीड वर्षाने झेन बाजारात आला. त्यांच्याच काळात सुरू झालेला के१२ हा आर्म या एक्स८६ पेक्षा वेगळ्या आज्ञासंचावर आधारलेला कोर मात्र बाजारात कधीच आला नाही. पैसा एकाच घोड्यावर लावायचा होता.

१७. झेनमध्ये असं वेगळं काय होतं?

बुलडोझरने सामाईक केलेलं झेनने पुन्हा वेगवेगळं केलं. प्रत्येक कोरला स्वतःचा आज्ञाभाग, स्वतःचा दशांश गणिताचा भाग, आणि एका कोरवर दोन धागे. त्याच घड्याळगतीला एक्सकॅव्हेटरपेक्षा ४० टक्के जास्त काम हे उद्दिष्ट होतं. एएमडीने अखेर ५२ टक्के जाहीर केले.

मला त्याहून हुशारीचा वाटतो तो हिशेब. आठ कोरचा एकच सिलिकॉन तुकडा आखला. एक लावला की रायझन, दोन लावले की थ्रेडरिपर, चार लावले की ३२ कोरचा सर्व्हर प्रोसेसर एपिक. एकाच आराखड्याच्या खर्चात घरगुती संगणकापासून सर्व्हरपर्यंत सगळं. मोठ्या तुकड्यात एक दोष निघाला तरी सगळा तुकडा बाद होतो, लहान तुकड्यांत नुकसान तेवढ्यापुरतं. ३२ कोर एकाच तुकड्यात केले असते त्यापेक्षा चार तुकड्यांचा खर्च सुमारे ४१ टक्के कमी आला, असं गणित कंपनीने मांडलं. दहा वर्षांपूर्वी 'चारही कोर एकाच तुकड्यावर' म्हणून मिरवणारी हीच कंपनी (प्रश्न ६).

रायझन ७ चा मुहूर्त २ मार्च २०१७. सर्वांत वरचा १८००एक्स ४९९ डॉलरला. एपिक जूनमध्ये. दोन्ही ग्लोबलफाउंड्रीजच्या १४ नॅनोमीटरवर, आणि ते तंत्र ग्लोबलफाउंड्रीजने सॅमसंगकडून परवान्यावर घेतलेलं.

१८. एएमडीने झेन चीनला विकला, हे खरं आहे का?

विकला नाही, परवाना दिला. एप्रिल २०१६ मध्ये टियांजिनच्या हायगुआनशी संयुक्त कंपन्यांचा करार जाहीर झाला, २९.३ कोटी डॉलर टप्प्याटप्प्याने मिळणार होते. त्यातून झेनच्या पहिल्या पिढीवर बेतलेले सर्व्हर प्रोसेसर चीनमध्ये तयार झाले. पुढच्या पिढ्या दिल्या गेल्या नाहीत, आणि जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने त्या कंपन्यांना निर्बंधांच्या यादीत टाकलं. करार झाला त्या साली एएमडीला हे पैसे का हवे होते, ते प्रश्न १५ वाचल्यावर कळेल.

१९. २०१७ मध्ये एएमडीला नफा झाला की तोटा? वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे दिसतात.

दोन्ही आकडे कंपनीचेच आहेत. २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेले निकाल: महसूल ५३३ कोटी, निव्वळ नफा ४.३ कोटी. त्यानंतर अमेरिकेत महसूल कधी नोंदवायचा याचे हिशेबाचे नियम बदलले आणि एएमडीने मागची वर्षंही नव्या नियमाने पुन्हा मांडली. त्यात २०१७ चा महसूल ५२५ कोटी झाला आणि नफ्याच्या जागी ३.३ कोटींचा तोटा आला. फरकाचं मुख्य कारण गेमिंग कन्सोलसारख्या खास घडवून दिलेल्या चिप. नव्या नियमाने त्यांचा महसूल माल पाठवल्यावर नव्हे, तर तो तयार होत असतानाच नोंदवला जातो, त्यामुळे काही रक्कम शेजारच्या वर्षात सरकली.

म्हणून 'रायझन आला त्या वर्षी एएमडी नफ्यात आली' असं लिहायचं असेल तर मूळ निकाल की पुनर्मांडणी, हे सोबत लिहा. २०१८ चा नफा दोन्ही हिशेबांत वादातीत आहे.